चार बटणं आणि एक राहिलेलं नाव



१६ जानेवारी २०२६ ला नवी मुंबई महापालिकेचे निकाल लागत होते आणि मला १९८४ आठवत होतं. त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला उरणकडे, दास्तान आणि नवघरला, शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील नेते होते. आमचं करावेही सिडकोनं संपादन केलेल्या ९५ गावांपैकीच. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना आली.

जमीन घेणाऱ्या सिडकोत आम्ही निवडून दिलेलं कुणी नव्हतं. महापालिका १९९२ मध्ये झाली, पहिली निवडणूक १९९५ ला. गटाराची तक्रार घेऊन जायला हक्काचं दार मिळालं. महिलांच्या राखीव जागांमुळे बायकाही सभागृहात बसल्या.

मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी. पण साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं.

या वेळी बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणजे चार मतं. आम्ही तीन-चार निवृत्त शिक्षक गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वहीवर चौकोन काढून ते समजावत होतो. शाळा सुटली तरी फळा सुटत नाही म्हणतात ना!

शेजारची नवी सून मात्र राहिली. तिचं नाव माहेरच्या यादीत. मी गणपतीनंतर आठवण केली, तिनं लगेच आठ नंबरचा अर्ज भरला. पण या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. "बाई, आता पुढच्या वेळीच ना?" ती म्हणाली. मी जूनमध्ये विचारलं असतं तर? माझीच चूक.

उमेदवारांवरचे गुन्हे आणि त्यांची मालमत्ता आज आपल्याला कळते. त्यामागेही अहमदाबादच्या आय.आय.एम.चे काही प्राध्यापकच होते. त्यांनी १९९९ ला याचिका केली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांना ही माहिती देणं बंधनकारक ठरवलं. मास्तर माणसं, पण चिकाटी केवढी!

आपण एवढं मोठं नाही करू शकणार. पण तुमच्या इमारतीत नवी सून, नवा भाडेकरू, अठरा पूर्ण झालेलं पोर असेल, तर आजच विचारा. निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे. असो.