डॉइच

‘जर्मन’ या अर्थाचे जर्मन भाषेतील विशेषण. आज ते भाषा, लोक, देश व राज्य या सर्वांना लावले जाते. प्रारंभी मात्र ते केवळ भाषावाचक होते. ‘लोक’ या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक शब्दापासून ते बनले. लॅटिन ही धर्मपीठाची व विद्वानांची भाषा असताना सामान्यांच्या बोलीस उद्देशून ते वापरीत. ‘थिओडिस्कस’ हे त्याचे लॅटिन रूप इ. स. ७८६ मधील एका अहवालात आढळते. इंग्लंडमधील धर्मसभेचे ठराव लॅटिनप्रमाणेच लोकभाषेतही वाचून दाखविण्यात आले, असा तो उल्लेख आहे. म्हणजे तेथे हा शब्द जर्मनीशी निगडित नाही. इंग्रजीतील ‘डच’ हा याच शब्दाचा सगोत्र असून पुढे त्याचा अर्थ नेदर्लंड्सपुरता संकुचित झाला.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आनोलीड या काव्यात हे विशेषण भाषेबरोबरच लोक व भूमी यांनाही लावलेले दिसते. नेपोलियनविरोधी युद्धांच्या काळात त्यास राष्ट्रवादी आशय प्राप्त झाला. एर्न्स्ट मोरित्स आर्न्ट याने १८१३ मधील आपल्या गीतात जर्मन भाषेच्या व्याप्तीवरूनच पितृभूमीची सीमा ठरविली. १८७१ मध्ये स्थापन झालेले जर्मन साम्राज्य मात्र या व्याख्येत बसत नव्हते. ऑस्ट्रियातील जर्मनभाषी त्याबाहेर राहिले, तर पोलिशभाषी प्रजा त्यात समाविष्ट झाली.

नाझी राजवटीत भाषेची कसोटी मागे पडून वंशाची कसोटी पुढे आली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी पूर्ण नागरिकत्व ‘जर्मन किंवा सजातीय रक्ता’च्या व्यक्तींपुरते मर्यादित केले. परिणामी जर्मन हीच मातृभाषा असलेले ज्यू ‘जर्मन’ या संज्ञेतून वगळले गेले. मूलतः लोकांच्या बोलीचे नाव असलेला शब्द ती बोली बोलणाऱ्यांनाच बहिष्कृत करण्याचे साधन ठरला.

१९४९ नंतर दोन्ही जर्मन राज्यांनी हा शब्द आपापल्या नावात ठेवला. तथापि पूर्व जर्मनीने १९७४ मध्ये संविधानातील ‘जर्मन राष्ट्रा’चा उल्लेख काढून टाकला. १९९० मध्ये एकीकरण झाले. १ जानेवारी २००० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार परकीय मातापित्यांची जर्मनीत जन्मलेली मुलेही विशिष्ट अटींवर जन्मतः नागरिक ठरतात. त्यामुळे या विशेषणाची वंशाशी घातलेली सांगड कायद्याच्या दृष्टीने आणखी सैल झाली आहे.