टाउनशिप शाळाव्यवस्था, इंडियाना

अमेरिकेतील इंडियाना राज्यात १८५२ पासून शतकाहून अधिक काळ ग्रामीण शाळांचा कारभार पाहणारी व्यवस्था. इमारत, जळण, खडू, शिक्षकाची नेमणूक आणि कर हे सारे टाउनशिपच्या हाती असे. १८५९ पासून तर निवडून आलेल्या एकट्या विश्वस्ताच्या हाती.

या टाउनशिपचे मूळ जमिनीच्या मोजणीत आहे. २० मे १७८५ च्या भूमी अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडचा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत, म्हणजे टाउनशिपमध्ये, आखायचे ठरवले. प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे ३६ भाग पाडायचे आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखायचा. १८१६ मध्ये इंडियाना राज्य झाले, तेव्हा ही जमीन त्या त्या टाउनशिपच्या रहिवाशांना मिळाली. राज्यघटनेने टाउनशिपच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षणाचे आश्वासनही दिले, पण परिस्थिती अनुकूल होताच, अशी पाचर मारून. ती अनुकूल व्हायला पस्तीसेक वर्षे गेली. दरम्यान, १८२८ मध्ये काँग्रेसने परवानगी दिल्यावर शाळांच्या जमिनी विकायला सुरुवात झाली. चोहीकडे स्वस्त जमीन पडलेली असताना त्यांना भाव कोण देणार? शिवाय कुणाचा सोळावा भाग काळ्या कसदार मातीचा, तर कुणाचा दलदलीचा. त्यामुळे शाळेचा निधीही तसाच कमीजास्त. दूरदृष्टीने राखलेली जमीन घाईने घालवली, असेच म्हणावे लागते. शाळा चालत त्या पालकांच्या वर्गणीवर. अब्राहम लिंकनचे बालपण १८१६ ते १८३० या काळात दक्षिण इंडियानात गेले. त्याचे आयुष्यभराचे शालेय शिक्षण सारे मिळून वर्षभराचेही भरले नाही.

१८४० च्या जनगणनेत राज्यातील सातांपैकी एक प्रौढ निरक्षर निघाला. वॉबॅश कॉलेजचे प्राध्यापक केलेब मिल्स यांनी १८४६ पासून नाव न देता विधिमंडळाला उद्देशून खुली निवेदने लिहिली आणि हा आकडा आमदारांपुढे धरला. १८५१ ची नवी राज्यघटना आणि १८५२ चा शाळा कायदा यांमागे या निवेदनांचा मोठा वाटा आहे. पण १८५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या पगारासाठी टाउनशिपने बसवलेला कर रद्द केला. इमारत बांधता येई, पण आत शिकवणाऱ्याला पगार देण्यासाठी गावचा पैसा वापरता येईना. ही अडचण १८६७ च्या कायद्याने सोडवली आणि १८८५ मध्ये न्यायालयानेही तो कर मान्य केला. कृष्णवर्णीय मुलांना मात्र १८६९ पर्यंत सार्वजनिक शाळांची दारे बंदच होती. पुढेही बऱ्याच ठिकाणी त्यांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. कायद्याने विभक्त शाळा संपल्या त्या १९४९ मध्ये.

एका खोलीत आठ इयत्ता, मध्ये शेगडी, पुढे बाक. एकेका वर्गाने त्या बाकावर येऊन धडा म्हणून दाखवायचा. बाकीच्यांनी आपापले गणित सोडवायचे. डागडुजीसाठी पालक आपल्यातलाच एक जण निवडत, पण तिजोरीची किल्ली विश्वस्ताकडे. तोच रस्ते पाही, तोच गरिबांना मदत वाटे. इतकी सत्ता एका माणसाच्या हाती म्हटल्यावर खरेदीच्या तक्रारीही आल्याच. अखेर १८९९ च्या कायद्याने त्याच्या खर्चावर नजर ठेवायला तीन जणांचे सल्लागार मंडळ बसवले.

याच एकवटलेल्या अधिकारामुळे इंडियानात छोट्या शाळा लवकर एकत्र झाल्या. शेजारच्या इलिनॉयमध्ये १९४५ च्या सुमारास जवळपास १२,००० स्वतंत्र शाळा-जिल्हे होते; एकेका शाळेचे मंडळ वेगळे, म्हणजे विलीनीकरणाला तितकेच विरोधक. इंडियानात विश्वस्ताने ठरवले की टाउनशिपमधल्या शाळा मिटवून मध्यभागी एक मोठी शाळा उभारता येई. १९०७ च्या कायद्याने तर बारा किंवा त्याहून कमी सरासरी हजेरीच्या शाळा बंद करणे सक्तीचे केले. रँडॉल्फ काउंटीचे अधीक्षक ली ड्रायव्हर यांचे या बाबतीतले काम देशभर गाजले. मुलांची ने-आण करणाऱ्या घोडागाडीला लोक ‘किड हॅक’ म्हणत. दोन्ही बाजूंना लांब बाकडी आणि घोडे बुजू नयेत म्हणून चढायचे दार मागे. रिचमंड गावातील वेन वर्क्सचा कारखाना अशा गाड्या बनवी. पुढे तो स्कूलबसही बनवू लागला.

एकत्र झालेल्या शाळांनी गावाला हायस्कूल दिले आणि हायस्कूलने बास्केटबॉल. १९५४ मध्ये जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रलला ३२–३० असे हरवून राज्य विजेतेपद मिळवले. पुढच्या विलीनीकरणाला गावे इतकी का चिडली, ते या खेळावरचे प्रेम जाणल्याशिवाय कळत नाही. शाळा जाणार म्हणजे संघ जाणार, त्याचे रंग जाणार आणि शुक्रवारची संध्याकाळही जाणार, हा हिशोब सरकारी अहवालांत कुठेच नव्हता.

१९५९ च्या पुनर्रचना कायद्याने नव्या शाळा-जिल्ह्यासाठी किमान एक हजार विद्यार्थ्यांची अट घातली. त्या वेळी राज्यात शाळा चालवणारे नऊशेहून अधिक घटक होते. आज ते तीनशेच्या आत आहेत. बहुतेक विश्वस्तांच्या हातून शाळा गेल्या, तरी पद कायम आहे. गरजूंना मदत आणि ग्रामीण भागातील अग्निशमन ही आता त्यांची मुख्य कामे.

टाउनशिपच्या नावाचे शाळा-जिल्हे सर्वांत ठळकपणे टिकले ते शेतीच्या मुलखात नव्हे, तर इंडियानापोलिसच्या उपनगरांत. १९७० मध्ये शहर आणि मॅरियन काउंटीचे प्रशासन एक झाले, पण शाळांना त्यातून वगळले. वंशभेदाच्या खटल्यात ही फट न्यायालयाच्या नजरेत आली. १९८१ पासून शहरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बसने डिकेटर, फ्रँकलिन, लॉरेन्स, पेरी, वॉरन आणि वेन या सहा टाउनशिपच्या शाळांत पाठवले जाऊ लागले. टप्प्याटप्प्याने कमी होत ही व्यवस्था २०१६ मध्ये संपली.