टेडी वेदरफर्ड आणि युद्धकालीन नृत्यसंगीताचा वारसा

दुसऱ्या महायुद्धातील भारताचा इतिहास लिहिताना १९४२ चे आंदोलन, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, आझाद हिंद सेना आणि ब्रह्मदेशाची आघाडी हे विषय स्वाभाविकपणेच अग्रभागी येतात. सैनिकांच्या करमणुकीसाठी त्याच काळात उभी राहिलेली व्यवस्था मात्र किरकोळ मानून बाजूस ठेवली जाते. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर काळात खेडोपाडी पोहोचलेल्या चित्रपटसंगीताचा एक प्रवाह याच व्यवस्थेतून निघालेला आहे. टेडी वेदरफर्ड या वाद्यवृंदनायकाच्या चरित्रावरून ही गोष्ट ध्यानात येते.

वेदरफर्ड यांचा जन्म १९०३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात झाला. शिकागो येथे पियानोवादक म्हणून नाव मिळविल्यावर १९२६ मध्ये ते आशियाकडे वळले. स्वदेशी वर्णभेदामुळे दुरापास्त असलेला मान या कृष्णवर्णीय कलावंतास शांघायमध्ये लाभला. १९३६ च्या सुमारास ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि तेथे त्यांचा गोमंतकीय वादकांशी संबंध जडला. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या या वादकांना जॅझची लय वेदरफर्ड यांच्या सहवासात उमगली. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड हे त्यांपैकीच एक होत.

युद्धकाळात वेदरफर्ड यांचा वाद्यवृंद कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजत असे. कलकत्ता हे तेव्हा ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या पिछाडीचे प्रमुख ठाणे होते. रजेवर आलेल्या सैनिकांसाठी हे वादन चाले, आणि अमेरिकन सैन्याच्या नभोवाणीवरूनही ते प्रक्षेपित होई. जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेश सोडून आलेले रूबेन सॉलोमन व सेड्रिक वेस्ट यांच्यासारखे वादक त्यांना येऊन मिळाले होते.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या सैन्याची करमणूक वेदरफर्ड करीत, त्यात कृष्णवर्णीयांची पथके वेगळी ठेवली जात. ज्या शहरात ते वाजवीत, त्याच्या पदपथांवर १९४३ मध्ये भुकेने माणसे मरत होती. एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, वेदरफर्ड पटकीने कलकत्त्यातच वारले. हॉटेलाचा उंबरठा शहराच्या दुःखाला सर्वस्वी अडवू शकला नाही.

युद्ध संपले, फौजा परतल्या आणि नृत्यगृहांची मागणी ओसरली. गोमंतकीय वादक मग मुंबईच्या चित्रपटसृष्टीकडे वळले. बहुतेक संगीतदिग्दर्शकांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत नसल्याने वाद्यमेळाची रचना लिहून काढणारा जाणकार त्यांना हवाच होता. फ्रँक फर्नांड यांनी अशा साहाय्यकाचे काम केले, आणि पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. अमरावतीत जन्मलेल्या भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. असे भाग्य थोड्यांच्याच वाट्यास आले; बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आढळत नाहीत.

या संगीताच्या प्रसारातही युद्धाचाच वारसा दिसतो. आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबोहून चालविलेले ‘रेडिओ सीॲक’ हे केंद्र युद्धानंतर सिलोन सरकारकडे आले. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तात्पर्य, सैनिकांसाठी घडलेले वादक आणि सैनिकांसाठी उभारलेले प्रक्षेपण या दोहोंचा लाभ अखेर नागरी श्रोत्यांस मिळाला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शेंदूरजनाघाटासारख्या वऱ्हाडातील गावाचा ग्रँड हॉटेलाशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. तथापि लघुलहरींना अंतराचा अडसर नव्हता. ‘अलबेला’ची गीते ज्या ज्या घरी ऐकली गेली, तेथे वेदरफर्ड यांच्या परंपरेचा एक अंश पोहोचला होता. प्रादेशिक सांस्कृतिक इतिहासाची साधने केवळ प्रदेशातच शोधून भागत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. आणि ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत, त्यांचे श्रेय निश्चित करणे हे त्या इतिहासाचे पहिले कर्तव्य ठरते.