विद्यापीठांना नावं मिळाली, पण ते काम कोण करतंय?

वऱ्हाडात मोठी विद्यापीठं दोन. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९चं, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव. अमरावतीचं विद्यापीठ १९८३चं, त्याला पुढे २००५मध्ये संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. एक ऑक्सफर्डचा डॉक्टर आणि बॅरिस्टर, दुसरा हातात खराटा घेऊन फिरणारा. दोघांत साम्य काय, असं कुणी विचारलं तर मी एकच सांगतो. दोघांनीही परक्यांच्या लेकरांसाठी छप्पर उभं केलं, आणि त्या छपराखाली कुणाची जात विचारली नाही.

आज हे लिहायला बसलो, कारण या दोन्ही नावांखाली शिकणाऱ्या पोरांना रात्री-बेरात्री हाक मारायला कुणी आहे का, हा प्रश्न मला छळतो.

मी जुने शहरात राहतो आणि बातमीदारी करतो. आमच्या धंद्यात एक चार ओळींची बातमी असते. अमुक वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत विद्यार्थ्याने गळफास घेतला, आकस्मिक मृत्यूची नोंद, कारण कळू शकले नाही. किती वेळा लिहिली असेल याचा हिशोब नाही. देशाचा आकडा मात्र सरकारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. "कारण कळू शकले नाही" याचा साधा अर्थ असा, की त्या पोराने कारण कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगावं असं कुणी जवळ नव्हतं.

दुसरी गोष्ट खोलीची. बाळापूर, पातूर, तेल्हाऱ्याकडून पोट्टं शिकायला येतं आणि खोली शोधायला निघतं. पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आडनाव ऐकून खोली "कालच गेली" असते. हे दोन्हीकडे चालतं, उगाच एका समाजाकडे बोट दाखवू नका.

आणि तिसरी गोष्ट १३ मे २०२३ची रात्र. सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जुने शहरात दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका माणसाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्या दोन दिवसांत मला खेड्यांतून काही बापांचे फोन आले. "भाऊ, पोरगा तिकडे खोलीवर हाये, जरा पाहून येता का?" त्यांना पोलीस नको होता, पुढारी तर नकोच होता. आपलं पोरगं ज्याच्या हवाली करावं असा एक माणूस हवा होता. कॉलेजात शिक्षक आहेत, प्राचार्य आहेत, समित्या तर ढीगभर आहेत. तो एक माणूस नाही.

बाहेरच्या देशांत या माणसाला एक जुनं नाव आहे, चॅप्लेन. मूळचा तो ख्रिस्ती पाद्री. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत प्रार्थनाघर असायचं आणि ते सांभाळायला चॅप्लेन. पोरगं आजारी पडलं, घरी मयत झाली, परीक्षेने घाबरलं, की त्याचं दार ठोठवायचं. पुढे तिथे सगळ्या धर्मांची मुलं आली, तेव्हा त्या देशांनी ती जागा मोडली नाही, रुंद केली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठाने १९९९मध्ये मुस्लिम चॅप्लेन नेमला. प्रिन्स्टनने २००८मध्ये हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्ण वेळ माणूस घेतला. हार्वर्डमध्ये तर २०२१ साली सगळ्या धर्मांच्या चॅप्लेननी मिळून अध्यक्ष निवडला, तो ग्रेग एपस्टीन नावाचा देव न मानणारा गृहस्थ. त्यांच्या लेखी काम पूजा सांगण्याचं राहिलंच नव्हतं, काम माणसाजवळ बसण्याचं होतं.

आपल्याकडे असं काही नव्हतं, असं समजू नका. नाव वेगळं होतं.

भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव, पापळसारख्या गावातून निघून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. म्हणजे धर्म या गोष्टीचा पोथी-पुराव्यासकट अभ्यास केलेला माणूस. १९२६मध्ये परत आल्यावर त्याने अमरावतीत मठ काढला नाही की पाठशाळा काढली नाही. मुलांचं वसतिगृह काढलं, श्रद्धानंद छात्रालय. खर्चासाठी मुष्टिफंड, म्हणजे घराघरांतून मूठ-मूठ धान्य. तिथे बहुजनांची आणि त्या वेळी अस्पृश्य मानलेली पोरं एकत्र राहू लागली. त्याच सुमारास, १९२७मध्ये, अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचं आंदोलन उभं राहिलं. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये झालेल्या परिषदेला खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते आणि भाऊसाहेब त्या आंदोलनात पुढे होते. देवळाचं दार उघडायला वेळ लागला. छात्रालयाचं दार उघडंच होतं.

वसतिगृहांची ही वाट कोल्हापूरहून निघाली होती. शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग काढायला मदत केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, १९०८मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याच्या त्याच्या रीतीभातीने पोरगं राहील आणि शिकेल, ही कल्पना. त्या काळात याशिवाय खेड्यातला बाप पोराला शहरात पाठवतच नव्हता. त्यामुळे आज बसून नावं ठेवायचं कारण नाही.

पण त्या व्यवस्थेची कड कुठे लागते हेही कोल्हापुरातच दिसलं. भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्यांच्या चरित्रांत ही गोष्ट येते. याच भाऊरावांनी पुढे साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह चालवलं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. गंमत बघा, वेगवेगळी बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव एकत्र बोर्डिंगला, आणि ते देणारा त्या वेगळेपणाचा चटका खाल्लेला माणूस. भाऊरावांना शाहूंचं मर्म कळलं होतं. मुलं अडचणीत आली की लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं काढून दिलं, शेवटी मंगळसूत्रही.

आता या घरांत रोजचं काम काय असायचं, ते बघा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या झाडणं, उष्टी भांडी घासणं, अंथरुणं नीट लावणं हे ते स्वतः करत. मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. पोरगं रात्री रडलं तर त्याला दुसऱ्या दिवशी अर्ज करावा लागत नव्हता. या कामाला धर्म म्हणा, शिक्षण म्हणा, आईपण म्हणा. सरकारी भाषेत त्याला 'वसतिगृह अधीक्षक' म्हणतात.

गाडगेबाबांचं तर आयुष्यच या कामात गेलं. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी, देबुजी वाढला. पुढे घर सोडलं आणि जिथे माणूस घरापासून तुटतो तिथे धर्मशाळा बांधत गेला. कुठे यात्रेकरू, कुठे दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक. एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःला राहायला झोपडी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांच्या वसतिगृहासाठी. वारकऱ्यांच्या गावातली धर्मशाळा विद्यार्थ्यांची झाली. आणि मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५मध्ये गुरुकुंज आश्रम काढून सामुदायिक प्रार्थना रुजवली. कोणत्याही धर्माचा माणूस शेजारी येऊन बसू शकेल अशी ती. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी ती होते.

मग विद्यापीठांत हे सगळं का उतरलं नाही? लोक लगेच म्हणतात, संविधान आडवं येतं. जरा वाचून बघा. कलम २८ सांगतं, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही. हे संविधान करणाऱ्या सभेत भाऊसाहेब स्वतः सदस्य होते. फाळणीची आग बघून आलेल्या लोकांनी ही भिंत घातली आणि योग्य घातली. मला ती भिंत पाडायची नाही. पण तिने मनाई केली ती धर्म शिकवण्याला. रडणाऱ्या पोराजवळ बसायला मनाई कुठे आहे?

त्याच काळात, १९४८-४९मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ आयोगाने मधला रस्ता सुचवला होता. दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनाने करा, पहिल्या वर्षाला बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक अशा थोरांची चरित्रं शिकवा. सक्ती नाही, कर्मकांड नाही. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. पण आयोगाचा अहवाल कपाटात गेला. आपल्या कॉलेजांत उरलं काय? एका बाजूला जयंत्या-पुण्यतिथ्यांचे फ्लेक्स, दुसऱ्या बाजूला "धर्माचं नावच काढू नका" अशी भीती. या दोन्हींच्या मधे पोरगं एकटं.

सरकारच्याच एका खात्याने मात्र हा प्रश्न कधीच सोडवलाय. ते म्हणजे भारतीय सेना. तिथे पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू हे धर्मगुरू म्हणून भरती होतात, कनिष्ठ अधिकारी असतात, पगार घेतात. पूजा-नमाज हा कामाचा एक भाग. पण दवाखान्यातल्या जवानाला भेटणं, शिक्षा भोगणाऱ्याशी बोलणं, अंत्यविधीला उभं राहणं हेही त्यांच्या कर्तव्यात आहे. त्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय एकात्मता संस्था आपल्या पुण्यात आहे, तिथे सगळ्या धर्मांचे गुरू एकत्र शिकतात. अनेक छावण्यांत सर्वधर्मस्थळ असतं, एकाच छपराखाली सगळे. सीमेवरच्या पोराला असा माणूस लागतो हे देशाने मान्य केलंय. मग अकोल्यात एकट्याने एमपीएससी करणाऱ्या पोराला का लागू नये?

कुणी म्हणेल, आता समुपदेशक येणार आहेत ना. खरंय. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. हे झालंच पाहिजे. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार लागतात, अंगारा नाही. पण रमजानात मेस दुपारीच बंद होते म्हणून पोरगी उपाशी रोजा सोडते, बापाने आत्महत्या केल्यावर तेराव्याला गेलेला पोरगा हजेरीत कापला जातो, चौदा एप्रिलला गावी जाता आलं नाही म्हणून कुणी खोलीत गप्प बसतो. हे आजार नव्हेत. इथे लागतो तो ओळखीचा माणूस.

म्हणून मोठी मागणी करत नाही. पुजारी-मौलवी कॉलेजात आणा, असंही म्हणत नाही. ते आणले तर दोन महिन्यांत त्यांच्या मागे झेंडे येतील, हे मला १३ मेनंतर कुणी सांगायला नको. एवढंच करा. प्रत्येक कॉलेजने गावातल्या चार-पाच भल्या माणसांची यादी करावी. निवृत्त मास्तर, नर्स, भजनी मंडळातल्या बाई, मशिदीत जाणारे चाचा, विहारातले काका, देव न मानणारे एखादे सर. फोन नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर लावावेत. नियम तीनच. बोलावल्याशिवाय जायचं नाही. आपला धर्म सांगायचा नाही. आणि पोरगं कोणत्याही घरचं असो, गेल्यावर पहिला प्रश्न एकच, "जेवला का रे बाप्पा?" आजार वाटला तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

या यादीला पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. कलम २८ला धक्का लागत नाही. लागतात ती माणसं, आणि ती आहेत. १३ मेच्या त्या रात्री मोर्णेच्या या काठाला दोन्ही बाजूंच्या कितीतरी घरांनी शेजारच्यांना दार उघडलं होतं. त्याची बातमी झाली नाही, कारण काही जळलं नव्हतं.

तुमच्या शिकण्याच्या काळात असा एखादा रेक्टर, खाणावळवाली मावशी, चाचा, सर भेटला होता का? भेटला असेल तर त्यांनी काय केलं ते खाली लिहा. आणि तुम्ही स्वतः त्या यादीत बसणार असाल, तर तेही लिहा. जून जवळ आलाय, नवी पोरं खोल्या शोधायला निघतीलच.