परक्याच्या घोड्यावर

१९७६च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या बॅडमिंटन इथे लुसिंडा प्रायर-पामर या बावीस वर्षांच्या मुलीने 'वाइड अवेक' नावाच्या घोड्यावरून इव्हेंटिंगची सर्वांत मानाची स्पर्धा जिंकली. विजयफेरी सुरू झाली आणि त्या फेरीतच घोडा कोसळला, जागीच मेला. या प्रसंगाविषयी जे जे लिहिले गेले त्यात वाचकाची माया साहजिकच त्या मुलीकडे जाते. पण घोडा तिचा नव्हता. त्याची मालकीण वेगळी होती. ज्या नोंदवह्यांत विजेत्यांची यादी असते त्यांत स्वाराचे नाव आधी येते, घोड्याचे त्याच्या शेजारी. मालकाचे आलेच तर बारीक टाइपात. त्या दिवशी नेमके कोणाचे काय गेले, हा प्रश्न मला त्या बारीक टाइपाकडे घेऊन गेला.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. कारण स्वार आणि घोड्याचा मालक या दोन निराळ्या असामी आहेत, हे सांगणारे शब्द आपल्याकडे तीन-साडेतीनशे वर्षे वापरात आहेत. स्वतःच्या घोड्यावर चाकरीला येतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. मग तो दुसरा म्हणजे सरकार असो की एखादा धनवान शिलेदार. (बंगालने मराठी स्वाऱ्यांची धास्ती घेऊन आपल्याला 'बर्गी' म्हटले, तो शब्द या बारगिराचाच अपभ्रंश. म्हणजे तिथे आपली ओळख उरली ती घोडा नसलेल्या स्वाराच्या नावाने!) सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या पागेची रचना आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पागेचे बळ शिलेदारांपेक्षा जास्त राखायचे आणि शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवायचे, असे महाराजांचे धोरण त्यात दिसते. शिस्त आणि खर्चावरची नजर ही कारणे अभ्यासक देतात, ती बरोबरच आहेत. मला त्यात आणखी एक कारण दिसते. ज्याची सगळी दौलत त्याच्या मांडीखाली आहे, तो माणूस ती दौलत भाल्यांच्या गर्दीत घालताना दोनदा विचार करणार. बारगिराचा घोडा पडला तर सरकार दुसरा देते. शिलेदाराचा पडला तर तो उद्यापासून शिलेदारच राहत नाही.

इंग्रजांनी ही पद्धत 'सिलादार' रिसाल्यांत उचलली आणि तिला हिशेबी रूप दिले. स्वाराने भरती होताना घोड्यापोटी ठरावीक रक्कम जमा करायची, सुटताना ती परत न्यायची. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी सगळ्यांच्या पगारातून वर्गणी कापून एक फंड राखलेला असे. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मेले की असले फंड पुरे पडणे शक्य नव्हते, आणि युद्धानंतरच्या फेररचनेत ही पद्धत बंद झाली.

इव्हेंटिंगचा जन्म याच घोडदळी जगातला. युरोपात या खेळाला कितीतरी वर्षे नुसते 'मिलिटरी' म्हणत. एकाच घोड्याने तीन परीक्षा द्यायच्या. पहिली ड्रेसाज, म्हणजे संचलनाच्या मैदानावर घोडा किती आज्ञेत आहे ते दाखवणे. दुसरी क्रॉसकंट्री, म्हणजे ओढे, खंदक, ओंडके ओलांडत मैलोगणती दौड. तिसरी, इतके झाल्यावरही त्याच्यात उमेद उरली आहे का हे बघण्यासाठी आखाड्यातल्या उड्या. खलित्याच्या स्वाराला जे जे लागे तेच हे. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा तो फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता. सैन्याची पागा पाठीशी असल्याने मालकाचा प्रश्न फारसा उठतच नसे.

तो उठला दुसऱ्या महायुद्धानंतर. घोडदळाचे रणगाडे झाले, सरकारी पागा ओस पडल्या आणि स्पर्धा मात्र राहिली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकनंतर ब्रिटनचे स्वार तयार व्हावेत म्हणून ड्यूक ऑफ बोफर्ट यांनी १९४९मध्ये बॅडमिंटन या आपल्या जहागिरीत स्पर्धा सुरू केली. आता घोडे आणायचे कुठून? शेतकरी, शिकारीचे शौकीन, सुखवस्तू घरच्या बायका आणि खुद्द राजघराणे, अशा लोकांनी ती जागा भरली. १९५६मध्ये ब्रिटनने सांघिक सुवर्णपदक मिळवले (ऑलिंपिक मेलबर्नला होते, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या). त्या संघात बर्टी हिल ज्या 'कंट्रीमन'वर होते तो राणी एलिझाबेथच्या मालकीचा. पुढे मुलगी ॲन हिने १९७१ची युरोपीय स्पर्धा जिंकली तो 'डब्लेट' राणीच्याच घरचा, आणि १९७६मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला ती गेली तो 'गुडविल'ही आईचाच. जावई मार्क फिलिप्स यांनी १९७४चे बॅडमिंटन जिंकले तो 'कोलंबस' सासूबाईंचा. साम्राज्य गेलेल्या राणीच्या पागेत घरचेच बारगीर उरले, असे थट्टेने म्हणता येईल. पण मालकाच्या वाट्याला येणारे दुःख राणीलाही चुकले नाही. डब्लेटचा पाय मोडला आणि १९७४मध्ये त्याला मारावे लागले. त्याच साली जागतिक स्पर्धेत क्रॉसकंट्रीनंतर आघाडीवर असलेला कोलंबस मागच्या पायाची शीर सरकल्याने शेवटच्या दिवशी उतरूच शकला नाही.

लुसिंडाची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. तिची आई लेडी डोरीन ही व्हाइसरॉय लिनलिथगो यांची मुलगी. बेचाळीसच्या ऑगस्टात ज्यांच्या सरकारने गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, तेच हे लिनलिथगो. वडील मेजर जनरल. घर मोठे, पण एकामागून एक ऑलिंपिकच्या तोडीचे घोडे विकत घ्यावेत इतके कोणतेच घर मोठे नसते. पहिला घोडा 'बी फेअर' आईवडिलांनी पंधराव्या वाढदिवसाला दिलेला. त्याच्यावर तिने १९७३मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बॅडमिंटन जिंकले. तेव्हा ती आपल्या भाषेत शिलेदार होती. पुढचे पाच विजय १९७६, १९७७, १९७९, १९८३ आणि १९८४चे, आणि दर वेळी घोडा निराळा: वाइड अवेक, जॉर्ज, किलेअर, रीगल रेल्म, बीगल बे. सहा वेळा बॅडमिंटन, सहा वेगवेगळ्या घोड्यांवर; असा विक्रम दुसऱ्या कोणाचा नाही.

याचे श्रेय तिच्या मांडीला आणि हाताला दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. चाबूकस्वाराला घोडा कळायला वर्षे लागतात. हिने ती विद्या सहा वेगळ्या स्वभावांवर चालवली. तरी मला त्या यादीत १९७६ आणि १९७७ या लागून आलेल्या दोन सालांपाशी थांबावेसे वाटते. वाइड अवेक साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत मेल्यानंतर पुढच्याच वर्षी स्ट्रेकर कुटुंबाने आपला जॉर्ज तिच्या हाती दिला. तिच्याकडे दोष जात नव्हता, हे खरे. पण पागा बाळगणाऱ्याचे मन दोषाच्या हिशेबाने चालत नाही. स्वतःच्या तबेल्यात वाढलेले जनावर, ज्याला रोज चंदी घातली, खरारा केला, ते त्याच मैदानावर त्याच मुलीखाली पाठवायचे, याला धारिष्ट लागते. जॉर्जने त्या वर्षी बॅडमिंटन जिंकले आणि नंतर बर्लीला युरोपीय अजिंक्यपदही.

या धारिष्टामागे नफा नसतो, हे सांगितले पाहिजे. शर्यतीच्या घोड्याच्या मालकाला निदान आशा असते. घोडा जिंकला की पुढे जोपासनेसाठी त्याची किंमत कैक पटींनी वाढते. इव्हेंटिंगचे बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात, कारण या खेळात शांत डोक्याचे जनावर हवे. म्हणजे वंश नाही, म्हणजे ती कमाईही नाही. बक्षिसाची रक्कम पागेच्या खर्चासमोर किरकोळ. मालकाच्या हाती खरे तर एकच गोष्ट उरते: घोडा विकण्याचा हक्क. आणि स्वाराला नेमकी त्याचीच भीती असते.

जर्मनीचा मिखाएल जुंग आणि 'सॅम' यांची कथा ही भीती किती खरी आहे ते दाखवते. २०१०मध्ये केंटकीला सॅमवर जुंग जगज्जेता झाला, आणि लगेच घोड्याच्या मालकीवरून वाद सुरू झाला. सॅमची मालकी एकट्या जुंग घराण्याची नव्हती, आणि जगज्जेत्या घोड्याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. अखेर वाटण्या नव्याने झाल्या. जुंगच्या वडिलांबरोबर जर्मनीची ऑलिंपिक घोडेस्वारी समितीही हिस्सेदार झाली आणि सॅम तबेल्यातच राहिला. २०१२ला लंडनमध्ये, जुंगच्या तिसाव्या वाढदिवशी, आणि २०१६ला रिओमध्ये त्याच घोड्यावर त्याने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. सॅमच्या अधिकृत नावाआधी कैक वर्षे केसांच्या प्रसाधनांच्या एका कंपनीचे नाव जोडलेले होते. पखालजी आणि नालबंदाचा पगार आता असा निघतो. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. सिलादार रिसाल्यातल्या वर्गणीचीच ही पुढची पायरी. आज एकेका घोड्यामागे पाच-दहा हिस्सेदारांचे गट असतात. घोडा लंगडला तर तोटा वाटला जातो, जिंकला तर फोटोत गर्दी होते.

ऑलिंपिकमध्ये मालकाचे आणखी एक महत्त्व आहे. घोडा ज्या देशाच्या स्वाराखाली उतरणार त्याच देशाच्या मालकाच्या नावावर तो ऑलिंपिक वर्षाच्या जानेवारीत नोंदलेला असावा लागतो. घोड्याला नागरिकत्व नाही. ते त्याला मालकाकडून मिळते.

भारतात हा खेळ बराच काळ सैन्याच्या पागेतच राहिला. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ६१ कॅव्हलरीच्या रघुबीरसिंग यांनी 'शहजादा'वर वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि संघानेही सुवर्ण जिंकले. हे अस्सल पागेचे यश होते. घोडा सरकारी, चंदी सरकारी, स्वारही सरकारी. शिवकाळातल्या हवालदाराला ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नसती. नागरी स्वाराला मात्र यातले काहीच मिळत नाही. मुंबईचे इम्तियाज अनीस २०००मध्ये 'स्प्रिंग इनव्हेडर'वर सिडनी ऑलिंपिकला उतरले; त्यानंतर दोन दशके भारताचा एकही घोडेस्वार ऑलिंपिकमध्ये दिसला नाही. स्वार नव्हते असे नाही. घोडा घेऊन, युरोपात ठेवून, वर्षानुवर्षे खर्च सोसणारा मालक नव्हता.

बंगळूरचा फवाद मिर्झा तिथे पोचला तो एम्बसी या बांधकाम उद्योगसमूहाच्या घोड्यांमुळे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 'सिन्योर मेडिकॉट'वर त्याने वैयक्तिक रौप्य मिळवले. १९८२नंतर या खेळात भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. मेडिकॉट आधी जर्मनीच्या बेटिना हॉय यांच्या हाताखाली घडलेला. मालक बदलला तसा तो भारताचा झाला. टोकियोसाठी मिर्झाने आधी 'दजारा' या घोडीची निवड केली होती, ऐन वेळी ती बदलून मेडिकॉट आणला. एका स्वारामागे असे दोन तयार घोडे उभे असणे, हेच त्याच्या आधीच्या पिढीला परवडले नव्हते. ऑगस्ट २०२१मध्ये क्रॉसकंट्रीनंतर तो बावीस-तेविसाव्या जागेच्या आसपास होता, उड्यांच्या पहिल्या फेरीनंतर अंतिम पंचविसांत टिकला, आणि शेवटी तेविसावा आला. भारतीय वृत्तपत्रांनी मथळ्यात त्याचे नाव छापले. काहींनी घोड्याचेही छापले. मालकाचे शोधायला पुन्हा बारीक टाइपातच उतरावे लागले.