शेजारी कोण बसलं होतं?

माझी आजी नगरला मुलींच्या शाळेत जायची तेव्हा तिच्या आईला, म्हणजे माझ्या पणजीला, अक्षरओळख नव्हती. तरी संध्याकाळी मुलीची उलटतपासणी ठरलेली. काय शिकलीस, हे पणजी कधीच विचारत नसे. "शेजारी कोण बसलं होतं?" एवढंच. नाव चालण्यासारखं असेल तर हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. नसेल तर परकर-पोलकं मागच्या दारी उतरवायचं, न्हाणीत दोन तांबे अंगावर घ्यायचे, मगच चुलीपाशी यायचं. थंडीच्या दिवसांत आजी बेधडक खोटं नाव सांगे.

"शाळेला कुणाची ना नव्हती गं," ती म्हणायची. "ना होती ती बाकाला."

आम्ही शिंपी. आमच्याही वरचे लोक होते आणि त्यांच्या मुली आजीच्या शेजारी बसत नसत, हे ती तितक्याच सहजपणे सांगे. त्या मुलींना घरी कुणी काय विचारत असेल, याचा तिला पक्का अंदाज होता.

नगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की जुनी माणसं मिस फरारपर्यंत मागे जात. सिंथिया फरार ही न्यू हॅम्पशायरची बाई १८२७ साली अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला आली. लग्न न झालेली, एकटी. मुंबईत तिने मुलींच्या शाळा चालवल्या, १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई मास्तरीण व्हायचं शिकल्या त्या फरारबाईंकडेच, हे आजी अशा थाटात सांगे की जणू शिफारसपत्र तिनेच दिलं होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. अमेरिकेतून बाई येते, नगरच्या पोरींना शिकवते, किती थोर देश! पुढे कनेटिकटमधल्या कँटरबरी नावाच्या गावाची हकिगत वाचली आणि या थोरपणाची दुसरी बाजू दिसली.

कनेटिकट हेही न्यू इंग्लंडच, फरारबाईंच्याच मुलखातलं. कँटरबरीत प्रुडन्स क्रँडल नावाच्या क्वेकर घराण्यातल्या बाईने १८३१ मध्ये मुलींची निवासी शाळा काढली. गावातल्या प्रतिष्ठितांनीच तिला बोलावून घेतलं होतं. तिच्या घरी कामाला एक कृष्णवर्णीय मुलगी होती. ती गुलामगिरीविरुद्ध लिहिणारं 'लिबरेटर' हे पत्र वाचायची आणि बाईंनाही वाचायला द्यायची. त्याच मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याची बहीण सारा हॅरिस. वीस वर्षांची, स्वतंत्र शेतकऱ्याची लेक. तिला शिक्षिका व्हायचं होतं, आपल्या समाजातल्या मुलांना शिकवण्यापुरतं पुढचं शिक्षण हवं होतं. तिने बाईंना विचारलं. माझ्यामुळे तुमचं नुकसान होणार असेल तर मी आग्रह धरणार नाही, हेही सांगितलं. बाईंनी तिला घेतलं.

इथली एक बाब मला फार बोलकी वाटते. सारा गावच्या प्राथमिक शाळेत क्रँडलबाईंच्या गोऱ्या विद्यार्थिनींपैकी काहींबरोबर शिकली होती. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मुळाक्षरं एकत्र गिरवली तर चालतं. भूगोल, तत्त्वज्ञान, फ्रेंच शिकून ती आपल्या लेकीच्या तोडीची होऊन त्याच जेवणाच्या टेबलाशी बसणार म्हटल्यावर गावाला घाम फुटला.

पालकांनी मुली काढून घेण्याची धमकी दिली. क्रँडलबाईंनी काय करावं? गोऱ्या मुलींची शाळाच बंद केली आणि १८३३ च्या एप्रिलमध्ये ती फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठी उघडली. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाहून मुली येऊ लागल्या. मग गावाने आपला हात दाखवला. दुकानदारांनी सामान देणं थांबवलं. डॉक्टर येईना. विहिरीत शेण टाकलं. पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं ते यानंतर पंधराएक वर्षांनी. दोन गावांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, तरी हत्यार तेच.

मे महिन्यात कायदाही झाला. राज्याबाहेरच्या कृष्णवर्णीयांना शिकवायचं तर त्या गावाची लेखी संमती हवी. जूनमध्ये बाईंना अटक झाली. जामीन भरायला मित्र तयार होते, पण त्यांनी मुद्दाम हात आखडता घेतला. शिकवल्याबद्दल एक बाई कोठडीत रात्र काढते, हे जगाला दिसू दे, असा त्यांचा बेत. आणि कोठडी तरी कुठली, तर आधी एका खुन्याला ठेवलेली. हा डाव मला आवडतो. साधेपणाने लढणाऱ्यांनाही थोडी नाटकाची जाण लागते.

खटला वरच्या कोर्टात गेला, १८३४ च्या जुलैत तांत्रिक कारणावर निकाली निघाला. कोर्टाने सोडलं, गावाने नाही. ९ सप्टेंबरच्या रात्री जमावाने लोखंडी कांबी घेऊन शाळेची तावदानं फोडली. मुलींच्या जिवाला धोका दिसल्यावर बाईंनी शाळा कायमची बंद केली.

आता या दोन बायकांकडे एकत्र पाहा. कँटरबरीत काचा फुटत होत्या तेव्हा फरारबाई मुंबईत मुलींना वाचायला शिकवत होत्या आणि त्यांचा पगार न्यू इंग्लंडच्या चर्चांमधून गोळा झालेल्या दानातून येत होता. क्रँडलबाईंचा शेजारी आणि मुख्य विरोधक अँड्र्यू जडसन हा वकील. कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावं, या मताचा तो पुरस्कर्ता होता. म्हणजे दूर असलेल्यांच्या भल्याबद्दल ही मंडळी उदार. सावळी मुलगी समुद्रापलीकडे शिकली तर ते पुण्य. शेजारच्या घरातली काळी मुलगी शिकली तर तो गुन्हा. यात फरारबाईंचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांनी नगरच्या पोरींसाठी जे केलं ते केलंच. पण पणजी आणि जडसनवकील यांची गाठ पडली असती तर भाषेवाचून दोघांचं छान जमलं असतं, असं मात्र मला वाटतं.

आजीची दुसरी आवडती गोष्ट आनंदीबाई जोशींची. काळं पाणी ओलांडून गेलेली पोर, साडीत बर्फात चालणारी. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये आनंदीबाई शिकल्या हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच कॉलेजातून १८६७ साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झाली होती. आनंदीबाईंनंतर दोन वर्षांनी आणखी एक कृष्णवर्णीय मुलगी, व्हेरिना मॉर्टन, झाली. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. जोतीरावांना मात्र तिकडची गुलामगिरी आणि इकडची जात यांच्यातल्या नात्याची जाण आधीच होती. १८७३ मधली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

बाकाचा प्रश्न तिकडेही लवकर मिटला नाही. १९६० साली न्यू ऑर्लिअन्समध्ये सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी ब्रिजेस गोऱ्यांच्या शाळेत गेली. संरक्षणासाठी सरकारी मार्शल बरोबर होते. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर तिला एकटीला शिकवलं. शेजारी कुणीच नाही.

कनेटिकटचा तो कायदा १८३८ मध्ये रद्द झाला. १८८६ साली, म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी, राज्याने क्रँडलबाईंना वर्षाला ४०० डॉलर पेन्शन मंजूर केली. मागणीच्या अर्जावर सह्या कँटरबरीकरांच्या होत्या. मार्क ट्वेनने त्यांचं गावातलं जुनं घर विकत घेऊन देऊ केलं. बाई तेव्हा कॅन्ससात राहत होत्या, वय ऐंशीच्या पुढे. पेन्शन त्यांनी घेतली. घर नको म्हणाल्या.