मदरबोर्ड तोच, प्रोसेसर नवा

घरातला कॉम्प्युटर हळू चालायला लागला की मुलं म्हणतात, "नवीनच घेऊ या!" जरा थांबा. हा प्रश्न तीस वर्षांहून जुना आहे.

१९९२ मध्ये इंटेलने ४८६ च्या मदरबोर्डसाठी 'ओव्हरड्राइव्ह' प्रोसेसर आणले. बोर्ड २५ मेगाहर्ट्झवरच चाले, पण प्रोसेसर आतून ५० वर धावे. १९९५ मध्ये एएमडीचा प्रोसेसर ४८६ च्याच बोर्डांवर १३३ मेगाहर्ट्झपर्यंत पोचला. तरी काम तितक्या पटीने वाढलं नाही, कारण मेमरी आणि डिस्क जुन्याच वेगाच्या होत्या.

पुढे एएमडीचं एएम४ सॉकेट आलं. २०१७ च्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसतो.

तेव्हा आजी-आजोबांचे फोटो साठवलेला तो कॉम्प्युटर टाकून देऊ नका. फोटोंची प्रत काढून ठेवा आणि आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. तेवढ्यावर भागलं नाही, तर बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसर-यादी पाहा. आणि हो, बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा. नाहीतर नवा बसवूनही कॉम्प्युटर सुरूच होणार नाही!